नेम गावात, हवा पुण्यात

माझी मामेबहीण अकरावीत आहे, इंदापूर तालुक्यात राहते आणि १० मीटर एअर रायफल खेळते. तिच्या फोनमधलं फीड बघितलं तर कुणालाही वाटेल, ही पोरगी अमेरिकेत राहते. एक टोपीवाला काका गॅरेजमध्ये टेबल मांडून बसलाय. टेबलाला हँडलवालं एक यंत्र बोल्टनं घट्ट बसवलंय. काका हँडल खाली ओढतो, वर सोडतो, खट्ट खट्ट. रिकाम्या पितळी पुंगळ्या एका बाजूनं आत जातात आणि दुसऱ्या बाजूनं तयार काडतुसं बाहेर पडतात. याला ते 'रिलोडिंग' म्हणतात. झाडलेली पुंगळी साफ करायची, तिचा आकार साच्यात दाबून पूर्ववत करायचा, बुडाला नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची, वर गोळी बसवायची. दारूचं माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि काका त्याच्याही दहाव्या भागावरून भांडतो.

हा सगळा खटाटोप 'मल्टिगन' नावाच्या स्पर्धेसाठी असतो. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन, तिन्ही घेऊन पळत पळत, घड्याळ लावून निशाणे पाडायचे. कमरेच्या पट्ट्यावर कुठल्या जागी काय लटकवायचं, यावर अर्ध्या तासाचे व्हिडिओ आहेत. आमच्या हॉस्टेलवरची पोरंही ते बघतात. बारामतीत बसून टेक्सासमधल्या माणसाच्या पट्ट्याची चर्चा करणं हा आमच्या पिढीचा टाइमपास आहे, मान्य.

आपल्याकडे हे असं चालत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा परवान्याशिवाय बनवता येत नाही. त्यामुळे गॅरेजातला काका आपल्यासाठी फक्त करमणूक. आणि खरं सांगू, ते बरंच आहे. पण व्हिडिओ बघताना मला हेवा वाटतो तो त्याच्या बंदुकीचा नाही, टेबलाचा. त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट त्या टेबलावर, हाताच्या अंतरावर आहे. माझ्या बहिणीचं टेबल इंदापूरपासून पुण्यापर्यंत पसरलंय, सव्वाशे-दीडशे किलोमीटर.

आधी ती काय खेळते ते सांगते, कारण मलाही दोन वर्षांपूर्वी 'एअर गन म्हणजे जत्रेत फुगे फोडतात तीच ना' असंच वाटायचं. १० मीटरवर एक कागद. त्यावर ४५.५ मिलिमीटरचं लक्ष्य आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका, ज्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. बॉलपेननं टिंब दिलं तर एवढं होतं. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. स्पर्धेत असे ६० छर्रे ७५ मिनिटांत मारायचे. गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. इथे केसभर चूक म्हणजे अक्षरशः केसभर.

आणि या केसभर चुका कुठून येतात? सगळ्यांना वाटतं हात हलतो म्हणून. हात हलतोच. पण त्याआधी बंदूक अंगाला बसते का, हा प्रश्न आहे.

मला हे कळलं ते एनसीसीत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कॅम्पमध्ये पॉइंट टू टू रायफलनं पाच राउंड मारायला मिळाले. आडवं पडून, पाच गोळ्या, जितक्या जवळजवळ तितकं चांगलं. त्याला ग्रुपिंग म्हणतात. माझं ग्रुपिंग भाकरीएवढं आलं. शेजारच्या मुलीचं चहाच्या कपाएवढं. ती सहा इंच उंच होती. रायफल सगळ्यांना तीच. मला तिचा दस्ता इतका लांब पडत होता की गाल टेकवला की डोळा साईटच्या मागे येईचना, मान ताणावी लागायची. उस्ताद ओरडले, "मान वाकडी करू नका." मान सरळ केली की साईट दिसेना. मी तेव्हा ठरवून टाकलं की आपल्याला नेमबाजी जमत नाही. आज वाटतं, मी नेमबाजी केलीच नव्हती. दुसऱ्याच्या मापाचा बूट घालून शर्यत पळले होते.

स्पर्धेच्या रायफलला म्हणूनच जागोजागी स्क्रू असतात. खांद्याला टेकणारी बट प्लेट वर-खाली, आत-बाहेर सरकते. गालाखालचा तुकडा वर-खाली होतो. मागची साईट, जिला डायॉप्टर म्हणतात, एकेक 'क्लिक'नं सरकते. पुढे वजनं लावून तोल साधता येतो, फक्त एकूण रायफल साडेपाच किलोच्या वर जाता कामा नये. उभं राहून मारताना डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो आणि रायफलचं वजन स्नायूंवर न येता हाडांवरून थेट जमिनीत उतरतं. ही रचना एकदा जमली की प्रत्येक वेळी तीच आणि तशीच हवी. चांगले नेमबाज त्यासाठी वही ठेवतात. बट प्लेट कितव्या खुणेवर, गालपट्टी किती वर, कुठल्या दिवशी काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. दोन स्क्रू एकदम फिरवले की बरं कशामुळे झालं आणि वाईट कशामुळे, कळत नाही.

मोठ्या माणसाला हे एकदा करून भागतं. पण सोळा-सतरा वर्षांची मुलगी? बहीण गेल्या वर्षभरात चांगली दोन इंच वाढली. रायफल एका ओळखीच्या सीनियरकडून घेतलेली, वापरलेली. तिच्यावर आधीच्या मालकाच्या मापाच्या पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या. पहिले तीन महिने ती त्या खुणांवरच खेळली, कारण तिला वाटलं, त्या कंपनीच्याच आहेत. तिला ते सांगणारं कोणी जवळपास नव्हतं. तिनं शेवटी पुण्यातल्या एका शिबिरात विचारलं, तिथल्या सरांनी दहा मिनिटांत सगळं सरकवून दिलं. तीन महिने आणि दहा मिनिटं.

जॅकेटची गोष्ट तर त्याहून वैताग आणणारी. नेमबाजीचं जॅकेट कॅनव्हास आणि चामड्याचं, कडक असतं, पाठीला आधार देतं. ते किती कडक, किती जाड असावं याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर नको, आणि ते मोजायला उपकरण असतं. सैल जॅकेटचा आधार मिळत नाही, घट्ट जॅकेटमध्ये श्वास घेता येत नाही. बहिणीचं सेकंडहँड जॅकेट एका स्पर्धेत तपासणीला गेलं आणि नापास झालं. आतून कुणीतरी अस्तराचा जादा थर शिवलेला. तिला माहीतच नव्हतं. मैत्रिणीचं जॅकेट उसनं घेऊन ती उभी राहिली. रिझल्ट सांगत नाही. मामी अजूनही त्या दिवसाचं नाव काढलं की उठून स्वयंपाकघरात जाते.

आता रिलोडिंग. आमच्याकडचं रिलोडिंग म्हणजे हवा भरणं. आजच्या स्पर्धेच्या एअर रायफलखाली एक नळकांडं असतं, त्यात २०० बारपर्यंत दाबानं हवा भरलेली असते. गाडीच्या टायरमध्ये दोनेक बार असते, म्हणजे हा दाब शंभरपट. मामानं पहिल्यांदा ते बघून विचारलं होतं, "पंक्चरवाल्याकडं भरून आणू का?" हसू नका, मीही मनात तेच म्हणत होते. ही हवा कोरडी लागते, ओलावा आत गेला तर झडपा बिघडतात. एक तर मोठ्या सिलिंडरवरून भरायची, किंवा हातपंपानं, ज्याला शेवटी शेवटी पूर्ण अंगाचं वजन टाकावं लागतं. मोठा सिलिंडर पुन्हा भरायला खास कॉम्प्रेसर लागतो. शिवाय नळकांड्यावर तारीख असते, दहा वर्षांच्या पुढचं स्पर्धेत चालत नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी ही तारीख बघा. आम्ही बघितली नव्हती. नशिबानं दोन वर्षं शिल्लक निघाली.

आणि छर्रे. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत येतात. कुठल्या नळीला कुठलं माप मानवेल, हे कागदावर ठरत नाही. रायफल शिकंज्यात पकडून प्रत्येक प्रकारच्या पाच-दहा गोळ्या मारायच्या आणि कुठला ग्रुप सर्वांत लहान येतो ते बघायचं. तो सापडला की त्याच बॅचचे डबे साठवायचे. टोपीवाला काका दारूचे ग्रेन मोजून जे करतो, तेच हे, फक्त कायद्यात बसणारं. पण त्यासाठी आठ-दहा प्रकारचे डबे एका ठिकाणी हवेत. बहीण दिवसाला ८० गोळ्या मारते, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे महिन्याला साधारण दोन हजार, पाचशेचे चार डबे. कुरिअरनं जे येतं ते वापरते. मागचा डबा एका मापाचा, हा दुसऱ्या. मग स्कोअर दोन गुणांनी पडला की ती आधी स्वतःला दोष देते. मला याचा सर्वांत राग येतो. दोष छर्र्याचा की तिचा, हे कळायचीच सोय नाही.

'खेळाडूनं सबबी सांगू नयेत' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला. वीसेक मिनिटं गेली. तिनं ५७५ गुण केले आणि दोन गुणांनी तिची फायनल हुकली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राची साईट फायनलच्या आधी हललेली निघाली, सरावाची पहिली गोळी भलतीकडेच गेली. तो घाबरला नसेल असं नाही, पण त्याला आपली साईट इतकी पाठ होती की त्यानं ती तिथल्या तिथे जागेवर आणली. शेवटची गोळी १०.८ आणि भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती, हेही खरं. ते लपवून काय उपयोग?

मग लगेच कोणीतरी स्वप्नील कुसाळेचं नाव घेतं. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, छोटं गाव, आणि १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला मिळालेलं दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आमच्याकडे त्या आठवड्यात चौकाचौकात 'गावाकडचं पोरगं बघा' असं चाललं होतं. खरंय. पण ते पोरगं राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेलं, पुढे त्याला रेल्वेची नोकरी मिळाली, दीपाली देशपांडेंसारखी ऑलिम्पिक खेळलेली प्रशिक्षक मिळाली. जिद्द गावातून आली असेल, रेंज आणि साहित्य गावातून आलं नाही. कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत दिल्या, त्यामागे शहरात दुधाळीची रेंज होती हे विसरून चालणार नाही. अंजली भागवत एनसीसीतून आल्या आणि सिडनीत २००० साली फायनलपर्यंत गेल्या. नेमबाज उगवतात ते जिथे बंदूक हातात घेऊन 'सर, ही मला बसत नाहीये' असं म्हणता येतं तिथे.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या तालुक्यांत कृषी अवजारे बँक ही कल्पना सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक शेतकऱ्यानं रोटाव्हेटर घ्यायचा नाही, गटानं घ्यायचा, गरजेला भाड्यानं न्यायचा. तशी बारामती आणि इंदापूर मिळून नेमबाजीची एक अवजारे बँक हवी. तालुका क्रीडा संकुलातली एक कुलुपाची खोली पुरे. तिथे जुळवता येतील अशा तीन-चार रायफली आणि पिस्तुलं, वेगवेगळ्या मापांची जॅकेटं आणि पँट, कोरडी हवा भरणारा एक कॉम्प्रेसर, छर्रे तपासायला एक शिकंजा. महिन्यातून एक रविवार पुण्याहून जाणकार माणूस बोलवायचा, जो मुलांची बट प्लेट सरकवेल आणि वहीत लिहून देईल. वाढत्या वयाची मुलं मोठं जॅकेट घेतील आणि लहान परत करतील. शाळेच्या पुस्तकपेढीसारखं. सत्काराच्या शालींवर आणि फ्लेक्सवर आपण जे उधळतो, त्यातला थोडा भाग इकडे वळला तरी पुष्कळ.

रेंजचं कारण सांगू नका. दहा मीटर म्हणजे किती? मामाच्या बंद पडलेल्या पोल्ट्री शेडमध्ये चार लेन बसतात. बहीण तिथेच सराव करते, समोर लोखंडी पत्रा, मागे वाळूची पोती, आणि छर्रे सुरू असताना शेडचं दार आतून बंद, हा तिचा स्वतःचा नियम. भिगवणपासून निमगाव केतकीपर्यंत रिकामी शेडं कितीतरी दिसतील. छप्पर आहे, जागा आहे.

एक आक्षेप मात्र मला खरोखर विचारात पाडतो. घरातलेच एक काका म्हणाले, "आधीच पोरं कट्टा हातात घेऊन रील टाकतात, आणि तू म्हणतेस सरकारनं पोरांना बंदुका द्याव्यात?" काकांची भीती खोटी नाही. आपल्या भागात बंदूक म्हणजे रुबाब, हे लहानपणापासून लग्नाच्या वराती बघत आलेल्या मला कुणी सांगायची गरज नाही. निवडणुका लागल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्य खेळाडूंना त्यातून सूट असते. म्हणजे कायदासुद्धा खेळाडूची बंदूक वेगळी मानतो. ठरावीक ताकदीच्या आतल्या पॉइंट १७७ एअर रायफलला तर शस्त्रपरवानाही लागत नाही. आणि उलटंही बघा. रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात ते गोळी मारणं नसतं. नळी कायम लक्ष्याकडे, बोट चापापासून लांब, रायफल खाली ठेवली की नळीतून रंगीत सेफ्टी फ्लॅग आरपार. बहिणीला कुणी गमतीत रायफल माझ्याकडे वळवायला सांगितलं तर ती चिडते, फोटोलाही नाही. रील टाकणाऱ्या पोरांना हे शिकवणारी एकही जागा तालुक्यात नसणं, मला तरी हा धोका जास्त वाटतो. काकांना पटलं नाही. ते म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

तोवर, ज्यांच्याकडे रायफल आहे पण बाकी काही नाही, त्यांच्यासाठी बहिणीची एक युक्ती. ती अर्धा सराव छर्ऱ्याशिवाय करते. ड्राय फायरिंग. भिंतीवर टिंब, रायफल खांद्याला, श्वास, चाप, आणि चाप ओढल्यावरही दोन सेकंद तसंच उभं राहायचं. बऱ्याच स्पर्धेच्या रायफलींमध्ये यासाठी वेगळी सोय असते. यात ना हवा जाते ना छर्रा. पैशांअभावी सुरू केलं होतं, आता ती म्हणते यातच जास्त कळतं. मोठे नेमबाजही हे करतात. पण शेवटी स्पर्धेत छर्राच मारावा लागतो.

ती बारावीनंतर खेळ सोडणार का, हे घरात उघड कोणी विचारत नाही. मामानं या वर्षीचं उसाचं बिल आल्यावर बघू म्हटलंय. (पुन्हा 'बघू'.) तिच्या वहीत मात्र पुढच्या मोसमाची पानं आखलेली आहेत, बट प्लेटच्या खुणेचा रकाना रिकामा.

मागच्या शनिवारी मोठा सिलिंडर ९० बारवर आला होता. मी सुट्टीला गेले होते, म्हणून पुण्याला परतताना तिच्याबरोबर मीच निघाले. गोणपाटात गुंडाळलेला सिलिंडर सीटखाली बसेना म्हणून तिनं तो मांडीवर धरला. भिगवण मागे गेलं तसा कंडक्टर तिकिटं फाडत आला, गोणपाटाकडे बघितलं.

"काय आहे ह्यात?"

"हवा," ती म्हणाली.

"आणि पुण्याला कशाला नेताय?"

"भरायला."

त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लगेजचं वेगळं तिकीट लागेल."